पोरगी जास्तच गोरी निघाली

माझ्या भाचीला पाहायला आलेल्या लोकांनी तिला नापसंत केलं, कारण ती फार गोरी होती. हे वाक्य मी कुठेही टाकलं की ऐकणारे आधी माझ्याकडे बघतात, मग एकमेकांकडे बघतात आणि मग म्हणतात, "पुन्हा सांगा." मुलगी गोरी म्हणून मोडलेलं लग्न आमच्या वर्धेत काय, कुठेच कोणी ऐकलेलं नाही. मी मात्र ते माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर, माझ्या हातचे पोहे खाता खाता मोडताना पाहिलं आहे. आणि ज्या बाईने ते मोडलं तिला शिव्या द्याव्यात की तिच्या पाया पडावं, याचा निकाल माझ्या मनात आजही लागलेला नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही नुसते हसत बसाल आणि मग मला दोष द्याल. ज्या आठवड्यात आम्ही सगळे तिच्या गोरेपणावर खूश होतो, त्याच आठवड्यात तिच्या अंगातलं रक्त संपत चाललं होतं. आम्हाला ते दिसत होतं. दिसत होतं, म्हणूनच तर आम्ही खूश होतो.

माझा धाकटा भाऊ हिंगणीला भाजीपाला पिकवतो. वांगी, भेंडी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पुण्याच्या पाहुण्याने एकदा सांबार मागितला आणि हातात जुडी आल्यावर तो बराच वेळ ती हुंगत बसला होता. तर या भावाची एकुलती एक मुलगी म्हणजे माझी भाची. शिकली, सेलूला एका कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायला लागली. बोलायला तिखट, अंगाने काडी, रंगाने सावळी. आणि जन्मापासून तिला सिकलसेल, हा रक्ताचा आजार. आईकडून अर्धं, बापाकडून अर्धं, असं पूर्ण माप तिच्या पदरात पडलेलं. आईबापाला स्वतःला काहीच त्रास नाही, त्यांना मुलीच्या तपासणीनंतरच कळलं की आपणही अर्धे अर्धे आहोत.

सिकलसेलची दुखणी तुम्हाला ठाऊक असतील. थंडी वाजली की हातपाय दुखणार, पाणी कमी प्यायलं की दुखणार, कधी कधी काहीच न करता दुखणार. ती सगळी तिच्याकडे पाहुण्यांसारखी येत-जात असायची. पण तिचं खरं दुखणं म्हणजे तिचे डोळे. डोळ्यांचा पांढरा भाग कायम पिवळा. हळदीच्या हाताने कोणी डोळे पुसले असावेत तसा. दोन स्थळं नुसत्या त्या डोळ्यांवर गेली. "पोरीले कावीळ आहे," म्हणाले आणि चहासुद्धा अर्धा ठेवून उठले. सिकलसेल आहे हे आम्ही सांगायच्या आधीच!

आता माझं. माझं बोरगाव मेघेला घरातच ब्युटी पार्लर आहे. पुढची खोली पार्लर, मागची खोली संसार. पंचवीस वर्षं मी लोकांचे चेहरे उजळवते आहे, आणि सांगायला हरकत नाही, थोडं नाटकही करते. आरशासमोर बाई बसली की मी तिच्यामागे उभी राहून डोक्यापासून हनुवटीपर्यंत असा हात फिरवते की तिला वाटावं, आता पडदा उघडणार. निम्मी कमाई त्या हाताची आहे.

तर दिवाळी झाली. तुळशीचं लग्न लागलं आणि आमच्याकडच्या आयांना आपापल्या मुलींची लग्नं आठवली. माझी मुलगी नागपूरहून दिवाळीला आली होती, तिची पाच वर्षांची पोर घेऊन. भाचीही माझ्याकडे राहायला होती. नातीला दोन दिवस बारीक ताप होता, तो उतरला आणि एका सकाळी बघतो तर तिचे दोन्ही गाल लालबुंद. कोणी उजव्या-डाव्या हाताने सणसणीत वाजवल्यासारखे. माझी मुलगी माझ्यावर धावून आली.

"आई, तू मारलं हिला?"

"मी काऊन मारू?"

"मग हे काय आहे? फक्त बोटं तेवढी उठली नाहीत!"

"बोटं नाई उठली तेच सांगून राह्यली मी. मी मारलं असतं तं पाचही दिसली असती!"

हे बोलायला नको होतं. मुलगी फणफणत नागपूरला निघून गेली. जाताना नात भाचीच्या कमरेला मिठी मारून बसली होती, सोडतच नव्हती. तिचा ताप गेला होता, ती हसत होती, नुसते गाल तेवढे लाल. ते गाल कोणी रंगवले हे आमच्या घरात बरेच दिवस न उलगडलेलं प्रकरण होतं. मी माझ्या नवऱ्यावर संशय घेतला. त्याने शेजाऱ्यांवर घेतला.

त्यानंतर आठवड्याभरात भाचीला ताप आला. तोवर ती हिंगणीला परत गेली होती. गावातल्या डॉक्टरने "व्हायरल आहे" म्हणून गोळ्या दिल्या. आमच्याकडे व्हायरल हा शब्द आता सर्दी-पडशासारखाच घरचा झाला आहे. व्हायरल म्हणजे काळजी नाही. गोळी घे, काढा पी, झोप. ताप दोन-तीन दिवसांत उतरलाही.

आणि मग चमत्कार सुरू झाला.

भावजयीचा फोन आला. आवाजात देवाची आरती. "ताई, पोट्टीचे डोळे पांढरे झाले!"

"म्हंजे?" मी घाबरलेच. डोळे पांढरे होणे या वाक्प्रचाराचा अर्थ आपल्याकडे काही चांगला नाही.

"अवो, पिवळेपणा गेला! एकदम साफ! मोत्यासारखे!"

तिचं म्हणणं असं की हा गुण कावीळ उतरवणाऱ्या बाबाचा. डॉक्टरला न विचारता, आम्हालाही न सांगता ती मुलीला मागच्या महिन्यात एका बाबाकडे घेऊन गेली होती. त्याने चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालं, कावीळ पाण्यात उतरली. भावाचं म्हणणं वेगळं. त्याने यंदा पहिल्यांदाच बीट लावलं होतं आणि मुलीला रोज त्याचा रस पाजत होता. "रसायन नाई, फवारा नाई. बीट म्हंजे रक्तच आहे जमिनीतलं." आणि मी? मी दिवाळीत तिला एकामागून एक फेशियल केली होती. डोळ्यांचं मला माहीत नाही, पण पाहण्याच्या कार्यक्रमासाठी ती माझ्याकडे आली आणि मी तिचा चेहरा बघितला तेव्हा माझा हात आपोआप छातीवर गेला. सावळी पोरगी उजळली होती! गालांवर, कपाळावर, कानांच्या पाळ्यांवरसुद्धा. अशी उजळ की माझ्या दुकानातली कोणतीही बाटली इतकं करू शकत नाही हे मला आतून ठाऊक होतं. पण आतून ठाऊक असलेलं बाहेर कशाला काढा? मी शेजारच्या दोन बायकांना बोलावून तिला दाखवलं. "आधी कशी होती आठवते ना?" त्या दोघींनी तिथल्या तिथे अपॉइंटमेंट घेतली.

भाची मात्र खुर्चीवर बसून होती. म्हणाली, "आते, जिना चढून आली तं छाती धडधडून राह्यली."

"पाव्हणे यायचे आहेत म्हणून धडधडते. आमची पण धडधडली होती."

"मले कानात भुंगा ऐकू येते."

"व्हायरलचा अशक्तपणा आहे. जेव नीट."

ती म्हणाली, "तुम्ही सगळे एवढे खूश आहात, मले वाटते मलेच काई समजून नाई राह्यलं."

आता हे पाहुण्यांचं. स्थळ दूरच्या तालुक्यातलं होतं, शेती आणि मुलाचं छोटं मोबाइलचं दुकान. मध्ये होते आमचे एक मामा. मामांना आम्ही बजावून सांगितलं होतं की पोरीला सिकल आहे हे आधी सांगा, लपवायचं नाही; मुलाची तपासणी करून घ्या, तोही अर्धा निघाला तर पुढे जायचंच नाही. मामांनी ते इमानदारीत सांगितलं. फक्त शेतातून फोन केला आणि शेजारी पाण्याची मोटार सुरू होती. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

पाहण्याचा कार्यक्रम माझ्या घरी ठेवला, कारण माझ्याकडे सोफा आहे. मी सकाळपासून तिला तयार करत होते. इथे एक गोष्ट घडली, जी मी धंद्यातली बाई असून मला थांबवायला हवी होती. तिच्या रंगाला लागणारं फाउंडेशन मला तोंडपाठ. मधल्या शेडची बाटली. ती मी हातावर घेऊन तिच्या गालाला लावली, तर गालावर मातीचा पट्टा उठल्यासारखं दिसलं. दुसरी बाटली काढली, तीही काळी. शेवटी सगळ्यात उजळ शेड काढली, जी मी वर्षातून एखाद्याच नवरीला वापरते. ती बेमालूम बसली. मी टाळ्या वाजवल्या! खरंच वाजवल्या. मग ओठ जरा फिके वाटले म्हणून गडद लिपस्टिक लावली, गालांवर लाली ठेवली, नखांना मरून रंग दिला. जिथे जिथे पोरीचं शरीर ओरडून सांगत होतं, तिथे तिथे मी रंगाचा बोळा घातला.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि आमचे मामा. मुलगा गरीब चेहऱ्याचा, हातरुमालाने सारखी मान पुसणारा. आई मात्र काय वर्णू! सहावारी नेसलेली, उंच, बसल्या बसल्या खोलीची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजणारी. मला पाहता क्षणी आवडली. माझ्या बरोबरीची नटी आहे हे मी ओळखलं.

भाची ट्रे घेऊन आली. पोह्यांच्या बशा ट्रेमध्ये खुळखुळ वाजत होत्या. तिने ट्रे ठेवला आणि कोणी बस म्हणायच्या आधी खुर्चीवर बसली. भावजयीने डोळे मोठे केले. बाईंनी पोह्याचा एक घास घेतला, भाचीकडे पाहिलं. मग पर्समधून चष्मा काढला, लावला, पुन्हा पाहिलं. मग मोबाइल काढला, त्यात काहीतरी शोधलं, भाचीच्या तोंडाशेजारी मोबाइल धरला, आणि बशी खाली ठेवली.

"ही कोण आहे?"

"आमची पोट्टी," भाऊ म्हणाला.

"फोटोतली पोट्टी कुठी आहे?"

"हेच ते."

"मले येडी समजता काय? फोटोतली सावळी आहे. ही तं दुधात धुतल्यासारखी गोरी आहे. फोटो एकीचा आन् दाखवता दुसरी?"

सावळी मुलगी गोरी करून दाखवणं हा जगरहाटीचा गुन्हा आहे, त्याची तयारी आमची होती. पण मुलगी बदलल्याचा आरोप! मामा म्हणाले, "बाई, मी हिच्या बारशाले जेवलो आहे." भावजय आत धावली आणि आधार कार्ड घेऊन आली. बाईंनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "ह्याच्यावरचा फोटो तं माह्या जावेसारखा दिसते," म्हणाल्या, आणि परत दिलं.

"गोरी निघाली तं तुमचं काय गेलं वो?" मी विचारलं. माझा तोल जात चालला होता.

"गोरी पायजे असती तं आम्ही गोरीच शोधली असती. माणूस सांगितलं तसं निघालं पायजे. हा सगळा पावडरचा खेळ आहे. तुमचंच पार्लर आहे नं? तोंड धुवा हिचं. मग पाहू."

आता माझ्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही. लोकांच्या मुली मी सजवते, ऐन कार्यक्रमात तोंड धुवायला लावणारी पहिलीच भेटली. मी उभी राहिले. पदर खोचला. "धुवून दाखवते," म्हणाले, "आत्ता, इथेच, तुमच्यासमोर!" कापूस आणला, क्लीन्झिंग मिल्कची बाटली आणली, वाटीत कोमट पाणी आणलं, आणि आरशासमोर असते तशी भाचीच्या मागे उभी राहिले. रागाच्या भरात सकाळच्या बाटल्या मी विसरून गेले होते. माझ्या मनात सगळं ठरलं होतं. रंग उतरेल, सावळी पोरगी खाली निघेल, फोटोशी जुळेल, मी कापसाचा बोळा हवेत उंच धरून म्हणेन, "घ्या, आता ओळखा!"

कपाळापासून सुरुवात केली. मग गाल. मग हनुवटी. मग ओठ.

पंचवीस वर्षांत मी असंख्य चेहरे उतरवले आहेत. रंग उतरला की माणूस सावळा होतो, थकलेला होतो, आपल्या वयाचा होतो. गोरा होत नाही. माझ्या हातातला बोळा तांबडा-गुलाबी होत गेला, आणि बोळ्याखालून निघाली ती लिपस्टिकच्या आधीपेक्षाही पांढरी पोर. ओठ कापसासारखे. मी तिची खालची पापणी बोटाने ओढली, का ओढली मला माहीत नाही, तिच्या लहानपणी डॉक्टर ओढायचे म्हणून असेल. आतून लाल असते ती पापणी. तीसुद्धा पांढरी.

"आते," भाची म्हणाली, "आवाज दुरून येऊन राह्यला तुमचा."

मुलाच्या आईने तिचा हात हातात घेतला. नखावरचा मरून रंग अंगठ्याने खरवडला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तोवरचा सगळा ठसका तिच्या चेहऱ्यावरून गेला होता. "बाई," ती हळू म्हणाली, "हे गोरेपण नाई. उठा."

त्यांची गाडी दारात होती. भावाचा छोटा हत्ती, म्हणजे भाजीचा टेम्पो, रिकाम्या क्रेट्सनी भरलेला होता. मुलानेच गाडी काढली. मागच्या सीटवर भाचीचं डोकं त्या बाईंच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर, आणि सावंगीच्या मोठ्या दवाखान्याच्या रस्त्यावर त्या एका हाताने पोरीच्या कपाळावरचे केस सारत होत्या आणि मला विचारत होत्या, "पण मले एक सांगा, ही फोटोतली आहे का नाई?"

"आहे वो बाई! तेच आहे!"

"मग अशी कशी झाली?"

"मले काय माहीत! आम्हाले वाटलं, चांगली झाली!"

सावंगीला तिचं रक्त तपासलं. तरुण डॉक्टरीण कागद घेऊन आली तेव्हा ती कागदाकडे कमी आणि आमच्याकडे जास्त बघत होती. हिमोग्लोबिन तीनही नव्हतं. सिकलसेलच्या पोरीचं असतं तसं सात-आठ नव्हे, तीनच्या आत. "ही इथपर्यंत बसून आली?" तिने विचारलं. "पाहण्याच्या कार्यक्रमातून आली," मी म्हणाले. डॉक्टरणीने हे वाक्य काही क्षण मनात फिरवलं आणि सोडून दिलं. रक्ताच्या पिशव्या मागवल्या. हळूहळू चढवावं लागेल म्हणाली, हृदयावर ताण येतो. आज आणि उद्या महत्त्वाचे आहेत. पुढे काय होईल ते तिने सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

मग तिने आमची उलटतपासणी सुरू केली. ताप कधी आला? घरात लहान मूल होतं का? पुरळ? गाल लाल झालेलं?

"गाल!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की पलीकडच्या पलंगावरचे आजोबा उठून बसले.

"मग हा त्याच विषाणूचा उद्योग," डॉक्टरीण म्हणाली. तिथूनच मी मुलीला फोन लावला. "पोरीच्या गालाचं सांगतलं ना मी तुले, मारलं नाई म्हणून..."

"आई, तू अजून गालावरच आहे काय?"

"अवो, तो व्हायरस होता! गाल त्यानं वाजवले!"

मुलीने फोन नवऱ्याला दिला.

डॉक्टरीण म्हणाली की या विषाणूला पार्वो म्हणतात. लहान मुलांना होतो, गाल लाल होतात, आठवड्यात विसरून जातात.

"पार्वो?" भाऊ उभा राहिला. "तो तं कुत्र्यायले होते! आमच्या शेजाऱ्याचं पिल्लू त्यानंच गेलं!"

"तो वेगळा काका. नाव सारखं आहे. हा माणसांचा."

"पण पोट्टी त्या पिल्लाले खेळवत होती..."

"काका, कुत्र्याचा नाही."

भावाला ते पटलं नाही. दोन दिवस तो कॉरिडॉरमध्ये त्या मेलेल्या पिल्लाला मनातल्या मनात शिव्या घालत असावा, असं त्याच्या ओठांवरून दिसत होतं.

डॉक्टरणीने मग खरी गोष्ट समजावली. हा विषाणू हाडांच्या आत शिरतो, जिथे रक्त तयार होतं तिथे, आणि आठ-दहा दिवस कारखाना बंद पाडतो. तुमच्या-आमच्या रक्तपेशी काही महिने टिकतात, त्यामुळे कारखाना थोडे दिवस बंद राहिला तर कळतही नाही. सिकलसेलमध्ये पेशी काही दिवसांतच तुटतात. तिला रोज नव्या लागतात. नव्या आल्या नाहीत की सगळं रिकामं.

मी मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. भाऊ भिंतीला टेकून बसला होता. तो एकदम बोलला, जणू स्वतःशीच. "म्हंजे तुमचं-आमचं रक्त कोहळं आहे. तोडून ठेवलं तरी टिकते. आन् हिचं सांबार. रोज नवा आणा लागते. आठ दिवस सांबार आलाच नाई, तं बाजार खाली."

"बरोबर," डॉक्टरीण म्हणाली.

"आन् डोळे?" भावजयीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "डोळे काऊन साफ झाले मग? ते तं चांगलं होतं नं?"

तो पिवळेपणा तुटलेल्या रक्ताचा असतो, डॉक्टरीण म्हणाली. तुटायला रक्तच उरलं नाही, तर पिवळं कुठून येणार?

भावजय खाली बसली. बाबाला दिलेला नारळ, ते चुन्याचं पाणी, फोनवर तिने मला गायलेली आरती, हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून जाताना मी बघत होते. तिला धीर द्यावा म्हणून मी जवळ जाऊन बसले. आम्हाला आयुष्यभर शिकवलं होतं की पिवळं म्हणजे आजार आणि पांढरं म्हणजे बरं. आता पांढरं म्हणजे मरण आणि पिवळं म्हणजे जीव. माणसाने कोणत्या रंगासाठी नवस बोलावा?

हा सगळा वेळ मुलगा आणि त्याची आई तिथेच होते. आम्ही जा म्हणालो नाही आणि त्यांनाही जाता येईना. पहिली पिशवी लागल्यावर मुलगा मामांना घेऊन माझ्याकडे आला. मान पुसत म्हणाला, "आत्याबाई, हे सिकल म्हणजे नेमकं काय?"

"मामांनी सांगितलं नाई?"

"मामांनी सांगितलं, पोरीले सायकल आहे म्हणून. आई म्हणाली, असू दे, आपल्याकडे मोटारसायकल आहे."

मी मामांकडे पाहिलं. मामांनी छताकडे पाहिलं. "मोटार सुरू होती," ते म्हणाले.

पोरगी पिशवीवर होती, आत कारखाना सुरू होतो की नाही कोणाला ठाऊक नव्हतं, आणि मी तोंडात पदर कोंबून हसत होते. हसू थांबेना आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही थांबेना. कोणतं कशाचं होतं हे तेव्हाही कळलं नाही. मुलाची आई माझ्याशेजारी येऊन बसली आणि पर्समधून ओवा-सुपारीची डबी काढून माझ्यापुढे धरली.

दुसरी पिशवी चढली. भाची डोळे मिटून होती. तिचे हात मात्र गरम व्हायला लागले होते. मी ते सारखे धरून बघत होते. रोज सकाळी तपासायला रक्त नेत होते, आणि आम्ही सगळे एका शब्दाची वाट बघत होतो, 'रेटिक'. नव्या पेशींचं मोजमाप. भाऊ डॉक्टरणीला गेटवर गाठून विचारायचा, "आला काय वो सांबार?" तिलाही सवय झाली. "अजून नाही काका," म्हणायची. एक दिवस. आणखी एक दिवस. भावजयीने जेवण सोडलं होतं.

मग एका सकाळी डॉक्टरीण वॉर्डच्या दारातूनच म्हणाली, "काका, आला."

भाऊ तिथेच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही. नुसती पाठ पाहिली. आणि भाची पलंगावरून म्हणाली, "आला म्हंजे काय आला? मले कोणी सांगत काऊन नाई? मले भूक लागली आहे."

ते स्थळ पुढे गेलं नाही. मुलाने रक्त तपासलं, तो अर्धा निघाला. दोन अर्धे म्हणजे काय हे तोवर त्याच्या आईला आमच्याइतकंच कळलं होतं. जाताना तिने भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला. "फोटोतलीच होती," म्हणाली, आणि निघाली.

हिंगणीला घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी शेजारच्या काकू आल्या. भाची ओसरीत ऊन घेत बसली होती. काकूंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, डोळे बघितले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाप्पा! हे तं पुन्हा पिवळे व्हायले लागले! बरी नाई झाली काय वो पोट्टी?"

भावजय माझ्याकडे बघायला लागली. मी भावाकडे.

"बरी नाई झाली, काकू," भाची म्हणाली. "जशी होती तशी झाली."

काकूंनी हनुवटी सोडली. "म्हंजे ही आनंदाची गोष्ट आहे का दुःखाची? मले समजून नाई राह्यलं. पेढे आणू का नको?"

"आणा," भाची म्हणाली. "पाव किलो आणा. मले एकटीलेच लागतात."